छपाई झाली, पॉलिशचे काय?

दाढेवर बसवायची धातूची कॅप पूर्वी ओतली जायची. मेणाचा नमुना, साचा, भट्टी, वितळलेला धातू आणि शेवटी घासकाम, असा तो प्रवास होता. आता ती अनेकदा छापली जाते. शहापूर, आसनगाव किंवा कल्याणच्या दवाखान्यात घेतलेले दातांचे माप लॅबमध्ये पोहोचते, स्कॅन होऊन संगणकावर चढते आणि कोबाल्ट-क्रोमियमच्या भुकटीवर लेझर फिरून कॅपचा सांगाडा उभा राहतो. दंतवैद्यांच्या बोलण्यात याला ‘डीएमएलएस’ म्हणतात. कसारा लोकलने संध्याकाळी खर्डीला उतरणाऱ्या कष्टकरी माणसाच्या आवाक्यातही हे तंत्र आता येऊ लागले आहे, आणि ते चांगलेच झाले. माप नेमके बसते, धातू कमी वाया जातो, एका वेळी कितीतरी कॅप तयार होतात. तक्रार या तंत्राबद्दल नाही. तक्रार आहे ती त्याच्या शेवटच्या टप्प्याकडे होणाऱ्या दुर्लक्षाची. त्या टप्प्याची ना जाहिरात होते, ना पावतीवर कुठे नोंद.

तो टप्पा म्हणजे पॉलिश.

छपाईच्या यंत्रात काय घडते ते जवळून पाहिले की पॉलिशचे मोल लक्षात येते. भुकटीतले धातूचे कण साधारण १० ते ४५ मायक्रॉन व्यासाचे असतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा. या भुकटीचा २० ते ५० मायक्रॉन जाडीचा थर पाटावर पसरला जातो. लेझर त्यावर नकाशाबरहुकूम फिरतो आणि जिथे फिरतो तिथला धातू वितळून क्षणात घट्ट होतो. पाट किंचित खाली सरकतो, पुन्हा थर, पुन्हा लेझर. असे शेकडो थर चढतात. जिथे उतार असतो तिथे थरांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांनी उघड्या राहतात. वितळलेल्या भागाला खेटून असलेले कण अर्धवट वितळतात आणि तिथेच चिकटून बसतात. खालच्या अंगाला आधारासाठी छापलेल्या बारीक काड्या चकतीने कापून टाकल्या, तरी त्यांचे खुंट उरतात. त्यामुळे यंत्रातून बाहेर आलेली कॅप चकचकीत नसतेच. ती मळकट राखाडी दिसते, नख फिरवले तर खरखर लागते आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली की अंगभर गोळ्यांची दाटी दिसते. कारागीर मग ती वाळूच्या फवाऱ्याखाली धरतो, दगडाने खुंट उतरवतो, रबराच्या चाकांवर एकामागून एक घासतो आणि शेवटी ब्रशवर पेस्ट लावून तिला चकाकी आणतो. काही लॅब वीज सोडलेल्या द्रावणात बुडवून तिचे कंगोरे विरघळवतात. छपाई यंत्राने केली तरी ही शेवटची मेहनत बऱ्याच अंशी माणसाच्या हातावरच राहिली आहे.

खडबडीतपणा मोजण्याची पद्धत जुनी आणि सोपी आहे. बारीक टोकाची सुई पृष्ठभागावरून ओढायची आणि ती किती वरखाली झाली त्याची सरासरी काढायची. या सरासरीला ‘आरए’ म्हणतात. यंत्रातून नुकत्याच निघालेल्या छापील धातूचा आरए पाच-दहा मायक्रॉनच्या घरात जाणे नवलाचे नाही. तोंडातल्या जंतूंच्या दृष्टीने मर्यादा किती, याचे उत्तर बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठातून आले. कर्ड बोलेन, पॉल लॅम्ब्रेख्ट्स आणि मार्क क्विरिनेन यांनी १९९७ साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन ०.२ मायक्रॉन हा आकडा मांडला. पृष्ठभाग याहून खडबडीत झाला की त्यावर साचणारा जंतूंचा थर वाढतो. याहून गुळगुळीत केला तर जास्तीचा लाभ फारसा मिळत नाही. दंतसाहित्याच्या अभ्यासात आजही हाच उंबरठा मानला जातो. हिशेब सरळ आहे. कच्च्या छापील धातूला या उंबरठ्यापर्यंत आणायचे तर त्याचा खडबडीतपणा पंचवीस ते पन्नास पटींनी उतरवावा लागतो. घाईघाईत दोन मिनिटे रबराचे चाक फिरवून ते होत नाही.

एवढा बारीक फरक महत्त्वाचा का ठरतो, ते जंतूंच्या आकारावरून समजते. तोंड कितीही स्वच्छ धुतले तरी लाळेतल्या प्रथिनांचा न दिसणारा पापुद्रा काही मिनिटांत दातावर, कॅपवर, कवळीवर चढतो. त्यावर सुरुवातीला येऊन बसणाऱ्यांत स्ट्रेप्टोकोकस गटातले गोल जंतू पुढे असतात, जेमतेम अर्धा ते एक मायक्रॉनचे. सपाट जागी बसलेला जंतू जिभेच्या, गालाच्या आणि लाळेच्या घासणीने निखळण्याची शक्यता बरीच असते. दहा मायक्रॉन खोल खड्ड्यात शिरलेल्यापर्यंत यातले काहीच पोहोचत नाही. ब्रशचा केसही पोहोचत नाही, कारण तो त्या खड्ड्याहून कितीतरी जाड असतो. तिथे जंतू टिकतो, दुणावतो, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतो आणि त्याच्या आधाराने पुढच्या जाती येतात. खड्ड्यात सुरू झालेली वस्ती मग सपाट भागावर पसरते. तिची जाडी वाढली की आत प्राणवायू कमी होतो आणि हिरडीच्या कडेखाली अशा जंतूंची सोय होते, ज्यांचा संबंध दाताभोवतीचे हाड झिजवणाऱ्या आजाराशी आहे. कवळीच्या बाबतीत यात कॅन्डिडा या बुरशीची भर पडते. टाळू लालबुंद होते, तोंडाचे कोपरे चिरतात आणि रोगी ते कवळी टोचण्यावर ढकलून देतो.

कॅपची सगळ्यात नाजूक जागा म्हणजे तिची हिरडीलगतची कड. पुढून चिनी मातीसारखे पांढरे सिरॅमिक चढवलेले असले तरी जिभेच्या बाजूला धातूची पट्टी बऱ्याचदा उघडी राहते. अख्खी धातूची दाढ असेल तर चारही बाजूंनी धातूच. तिथे काही आठवड्यांत काय होऊ शकते, याचा अंदाज एका गाजलेल्या प्रयोगावरून येतो. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दातांची सफाई थांबवायला सांगितले. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि सफाई सुरू होताच पूर्ववत झाल्या. ज्याच्या कॅपची कड खरखरीत राहिली आहे, त्याची त्या जागेपुरती सफाई रोज ब्रश करूनही अपुरीच राहते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. खडबडीतपणा सगळीकडे वाईट नसतो. कॅपची आतली बाजू मुद्दाम खरबरीत ठेवतात, म्हणजे सिमेंट धरून राहते. जबड्याच्या हाडात बसणाऱ्या टायटॅनियम इम्प्लांटच्या बाबतीत तर स्वीडनमधल्या ॲन वेनरबर्ग आणि टोमास अल्ब्रेक्टसन यांच्या कामातून दिसले की एक ते दोन मायक्रॉनचा मध्यम खडबडीतपणा हाडाला सर्वांत मानवतो. म्हणजे एकाच खिळ्याचा हाडातला भाग खरखरीत हवा आणि हिरडीतून वर येणारा भाग तुळतुळीत. ही सीमारेषा चुकली, हाड खाली सरकून खरखरीत भाग उघडा पडला, की जंतूंना आयती जागा मिळते आणि इम्प्लांटभोवतीचे हाड झिजू लागते. निसर्गात तर जंतूंना बसूच न देणारे पोतही आहेत. अळवावरचे पाणी का ठरत नाही, याचे कारण पानावरच्या सूक्ष्म उंचवट्यांत आणि त्यांवरच्या मेणात आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले की तिथल्या एका रातकिड्यासारख्या किरकिऱ्या कीटकाच्या पंखावरचे अतिसूक्ष्म खांब काही जंतूंचे आवरण फाडून त्यांना मारतात. उद्याचा छापील धातू कदाचित असा पोत घेऊनच यंत्राबाहेर येईल. आज मात्र यंत्रातून निघणारा खडबडीतपणा कुणी आखलेला नसतो. तो भुकटीचा आणि थरांचा उरलेला माग आहे, आणि तो काढणे हाच उपाय आहे.

आरएवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ती सरासरी आहे. उथळ लाटांचा पृष्ठभाग आणि चारदोन खोल भोकांचा पृष्ठभाग यांचा आरए सारखा येऊ शकतो, पण जंतूंसाठी त्या दोन अगदी वेगळ्या जागा आहेत. प्रयोगशाळेत एकाच जातीचा जंतू वाढवून केलेल्या चाचण्यांवरून तोंडातल्या शेकडो जातींबद्दल ठाम विधान करणेही धाडसाचे. आणि प्रत्येक शरीर सारखे नसते. याच हॅराल्ड लो यांनी १९७० ते १९८५ या काळात श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या ४८० कामगारांचा अभ्यास केला. दंतसेवेचा गंधही नसलेल्या या लोकांत सुमारे ८ टक्क्यांच्या हिरड्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने आणि ११ टक्क्यांचा हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. तेव्हा खरखरीत कॅप बसली म्हणजे दात गेलाच, असे कुणी म्हणू नये. पण कुणाचे शरीर त्या आठ टक्क्यांत आहे, हे कॅप बसवताना दिसत नाही. म्हणून काळजी सगळ्यांच्याच बाबतीत घ्यायची.

ही काळजी खर्डीसारख्या ठिकाणी दुप्पट महत्त्वाची आहे. मुंबईच्या रुग्णाला खरखर जाणवली तर तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन पॉलिश करून घेऊ शकतो. खर्डीच्या आसपासच्या पाड्यावरून येणाऱ्याला त्यासाठी रोज बुडवावा लागतो, जीप किंवा एसटी पकडावी लागते, लोकलची वाट पाहावी लागते. मुरबाडच्या माळशेज बाजूच्या गावांना तर लोकलही नाही. कॅप बसवून गेलेला माणूस पुन्हा येतो तो दुखायला लागल्यावरच. बसवण्याच्या दिवशी जे पॉलिश झाले, तेच बहुधा आयुष्यभराचे.

पाण्याचा प्रश्न वेगळाच. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी देते आहे. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. रात्री कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवा, जेवणानंतर चूळ भरून ती धुवा, हा सल्ला हंडा मोजून वापरणाऱ्या घरात पाळणे किती अवघड आहे, याचा विचार सल्ला देणाऱ्यांनी करायला हवा. जिथे धुण्याची सोय कमी, तिथे वस्तू तरी अशी हवी की तिच्यावर घाण कमी बसेल.

त्यात मशेरी. तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू बोटाने दातांना आणि हिरड्यांना चोळण्याची सवय या भागातल्या अनेक बायकांना लहान वयात लागते. तंबाखूने हिरडी मागे सरते, कॅपची कड उघडी पडते आणि लपलेली खरखरीत पट्टी आता थेट तोंडात येते. कुणी राखेने घासतो, कुणी कोळशाने. कोबाल्ट-क्रोमियम कठीण असल्याने त्याला याचा फारसा ओरखडा बसत नाही, पण कवळीचा गुलाबी ॲक्रिलिकचा भाग मऊ असतो आणि त्यावर असंख्य चरे उमटतात. त्या चऱ्यांत कॅन्डिडा मुरते. मशेरी सोडा हे सांगायलाच हवे, पण ती सुटेपर्यंत तोंडातली धातूची कड गुळगुळीत ठेवणे डॉक्टर आणि लॅब यांच्या हातात आहे.

छापील धातू फक्त कॅपपुरता राहिलेला नाही, हेही विसरून चालणार नाही. ८३ वर्षांच्या एका वृद्धेला टायटॅनियमचा छापलेला अख्खा खालचा जबडा बसवला गेला, ती शस्त्रक्रिया २०११ साली नेदरलँड्समध्ये झाली. त्या जबड्याचे वजन १०७ ग्रॅम होते. त्यानंतर दशकभराने महाराष्ट्राला या तंत्राची गरज फार वेदनादायक रीतीने कळली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने थैमान घातले. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला, टाळू गेली, अन्न नाकात जाऊ लागले. अशा रुग्णांसाठी त्यांच्या कवटीच्या स्कॅनवरून टायटॅनियमचे सांगाडे छापून बसवण्याचे काम देशातल्या शल्यचिकित्सकांनी केले आहे. बुरशीनेच ज्याचा जबडा हिरावला, त्याच्या तोंडात बसणाऱ्या धातूचा उघडा भाग बुरशीला थारा देणार नाही इतका गुळगुळीत असणे ही त्याच्यासाठी जगण्याची गोष्ट आहे.

मग अडते कुठे? पॉलिशला वेळ लागतो, वेळेला मजुरी लागते आणि लॅबमधली स्पर्धा कॅपच्या दरावर चालते. छपाईयंत्राचा हप्ता ठरलेला, भुकटीचा भाव ठरलेला. काटछाट करायला उरते ती कारागिराची मिनिटे. कॅपसोबत मिळणाऱ्या वॉरंटी कार्डावर धातूचे नाव असते, वर्षे असतात, पृष्ठभागाबद्दल सहसा अवाक्षर नसते. दुसरी गळती खुद्द दवाखान्यात होते. कॅप उंच लागते म्हणून डॉक्टर बर फिरवून ती जरा उतरवतात. ते आवश्यकच असते. पण बर फिरलेली जागा पुन्हा रबराने टप्प्याटप्प्याने घासली नाही, तर लॅबने कितीही उत्तम काम केलेले असो, ती जागा पुन्हा खरखरीत. बाहेर पाच रुग्ण ताटकळत असतात आणि ही चार मिनिटे वाचवण्याचा मोह होतो.

कायदे नाहीत असे नाही. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली आले. दंतलॅबमधल्या कारागिरांची ‘डेंटल मेकॅनिक’ म्हणून नोंदणी करण्याची तरतूद १९४८ च्या दंतवैद्य कायद्यापासून आहे, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदाही झाला. या चौकटीत एक छोटी अट बसवायला नवा कायदा लागत नाही. प्रत्येक छपाईच्या घाण्याबरोबर लॅबने एक सपाट चाचणी-पट्टी छापावी, ती कॅपसारखीच पॉलिश करावी, तिचा आरए मोजावा आणि आकडा कार्डावर लिहावा. वाकड्यातिकड्या कॅपवर सुई नीट चालत नाही, म्हणून पट्टी. मोजण्याचे हातात मावणारे यंत्र मिळते आणि छपाईयंत्राच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ आहे. कॅप महाग होईल, ही ओरड त्यामुळे टिकत नाही. जे महाग पडते ते हिरडी सुजल्यावर, दात हलल्यावर, कॅप काढून नवी बसवण्याची वेळ आल्यावर.

सरकार स्वतः मोठे गिऱ्हाईक आहे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत २०१७ पासून दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना द्यायच्या साधनांच्या यादीत कवळी आहे. शेजारच्या कर्नाटकात मोफत कवळीची ‘दंतभाग्य’ योजना आहे. अशा खरेदीच्या निविदेत तोंडाकडे येणारा पृष्ठभाग ०.२ मायक्रॉनच्या आसपास असावा, ही एक ओळ घातली तर बाजार आपोआप वळेल. धातूच्या सांगाड्याला आणि ॲक्रिलिकला उंबरठा एकच आहे. खर्डीचे ग्रामीण रुग्णालय असो की शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, दंतखुर्चीशेजारी धातू, सिरॅमिक आणि ॲक्रिलिकसाठी वेगवेगळ्या रबरी चाकांचा संच आणि ते वापरण्यापुरता प्रत्येक रुग्णामागे वेळ, एवढे मिळाले तरी पुष्कळ साधेल. आणि पॉलिशचा आग्रह धरताना ते करणाऱ्याची आठवण ठेवलीच पाहिजे. कोबाल्ट-क्रोमियमची उडणारी धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की फुप्फुसे कडक होतात. दंतकारागिरांत हा आजार नोंदलेला आहे. धूळ ओढून घेणारा पंखा आणि मास्क नसलेल्या टेबलावर घासलेली कॅप कुणाच्या तरी श्वासाच्या मोलाने गुळगुळीत झालेली असते.

रुग्णाकडेही एक मोजमाप जन्मतःच आहे. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात असे दिसले की जिभेच्या टोकाला अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा खडबडीतपणातला फरकही जाणवतो. तेव्हा कॅप, ब्रिज किंवा कवळी बसवल्यावर खुर्चीतून लगेच उठू नका. जिभेचे टोक तिच्या आतल्या बाजूने, हिरडीच्या कडेपासून, सावकाश फिरवा आणि शेजारच्या स्वतःच्या दाताशी ताडून पाहा. जरा जरी खरखर लागली तरी संकोच न करता सांगा, “डॉक्टर, इथे लागतंय, पॉलिश करून द्या.” सिमेंट पक्के होण्याआधी कॅप काढून ते नीट करता येते, आणि त्या कामाचे पैसे तुम्ही आधीच मोजलेले असतात.